होकारीची खुर्ची

होकारी ठरल्याशिवाय व्याख्यानाची तारीख जाहीर करायची नाही, असा त्या मालेचा शिरस्ता होता. एका देशाने दुसऱ्या देशाशी कसं वागावं, काय करावं आणि काय करू नये, एवढाच विषय घेऊन ही व्याख्यानमाला कित्येक वर्षं चालत आली होती. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, रविवारी दुपारी. अगदी सुरुवातीला, एक युद्ध नुकतंच संपलेलं असताना, तिथे भाषण कमी आणि खुर्च्यांची फेकाफेक जास्त होई. तेव्हाच्या चालकांनी दोन गोष्टी केल्या. खुर्च्या स्क्रूने जमिनीला आवळून टाकल्या आणि एक नियम घातला. वक्त्याने आपलं म्हणणं मांडायच्या आधी विरुद्ध बाजूचं म्हणणं मांडायचं. ते नीट मांडलं की नाही हे ठरवायला त्या बाजूचंच एक माणूस समोर बसवायचं. तो होकारी. त्याने "हो, माझं म्हणणं हेच आहे" असं म्हटलं की मगच व्याख्यान सुरू. नाही म्हटलं तर वक्त्याने पुन्हा प्रयत्न करायचा. तीनदा नकार आला तर चहा घेऊन सगळ्यांनी घरी जायचं. ही पाळी आजवर एकाच वक्त्यावर आली होती, एका सेनापतीवर. आणि जुनी मंडळी अजून सांगत की चहा मात्र त्याने मागून घेतला.

खुर्च्या अजून आवळलेल्या होत्या. नियमही तसाच होता.

या वेळी होकारी होण्याबद्दल गुरुजींनी तिला विचारलं.

ती इस्पितळात डायलिसिसच्या वॉर्डात परिचारिका होती आणि गुरुजी तिचे पेशंट. आठवड्यातून तीनदा ते येत, खिडकीखालच्या खाटेवर हात लांब करून पडत, आणि रक्त मशीनमधून फिरून परत येईपर्यंत एकसारखं बोलत राहत. शाळेतून निवृत्त होऊन जमाना झाला होता, पण संध्याकाळी वस्तीतली मुलं गोळा करून शिकवणं सुटलं नव्हतं. तिची दोन्ही मुलं त्यांच्याकडेच जात. मालेचे चिटणीसही तेच.

त्या दिवशी तिने सुया लावल्या, चिकटपट्ट्या दाबून बसवल्या, मशीन सुरू केलं, आणि मग ते म्हणाले, "सिस्टर, पुढच्या व्याख्यानाला होकारी व्हाल?"

"विषय काय आहे?"

"तुमच्या देशावरची बंदी."

"आणि बोलणार कोण?"

"सरकारचे सल्लागार. ज्यांनी ती बंदी लिहिली, तेच."

ती मशीनच्या पलीकडच्या बाजूला गेली. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, तरी तिने आकडे पाहिले, नळी चाचपली, पाहिलेले आकडे पुन्हा पाहिले.

"तुम्ही मुद्दाम सुया लावून होईपर्यंत थांबलात."

"आधी विचारलं असतं तर कुठे टोचलं असतंत कोण जाणे."

तिला हसू आलं नाही. लग्न होऊन ती या देशात आली तेव्हा दोन देशांचं बरं चाललं होतं. मग बिनसलं, आणि इकडच्या सरकारने तिकडे जाणाऱ्या मालावर बंदी घातली. औषधं त्यातून वगळली होती. हे वाक्य तिने रेडिओवर, टीव्हीवर, पेपरात इतक्यांदा ऐकलं-वाचलं होतं की झोपेतही म्हणून दाखवलं असतं. तिची आई तिकडेच होती, ताईजवळ. आईची मूत्रपिंडं निकामी झाली होती. जे काम ती इथे परक्या माणसांसाठी दिवसभर करायची, तेच तिकडे आईला लागत होतं. आणि औषधं वगळलेली असूनही तिकडच्या इस्पितळात फिल्टर धुऊन धुऊन वापरत होते, मशीनच्या पंपाला नवा भाग मिळत नव्हता, आणि आईची आठवड्यातली मशीनवरची तिसरी पाळी कधीच बंद झाली होती. गुरुजींना नळ्या लावताना तिला दर वेळी ती तिसरी पाळी आठवायची. गुरुजींना ते ठाऊक होतं. दोघांनी त्याबद्दल बोलायचं टाळलं होतं.

"सल्लागार बंदी उठवा म्हणणार आहेत का?" तिने विचारलं.

"नाही. ती हवीच, असं म्हणणार आहेत. पुढच्या महिन्यात मुदत संपतेय. वाढवायची की नाही हे त्यांच्याच समितीत ठरणार."

"मग मीच कशाला? आमच्याकडची इतकी माणसं आहेत गावात."

"आहेत की. काही नुसती रागावून येतील, काही घाबरून येणारच नाहीत. मला खरं बोलणारं माणूस पाहिजे. मी पाणी जास्त प्यालो की तुम्ही वजनकाट्यावरून ओळखता आणि अख्ख्या वॉर्डाला ऐकवता. तेवढी भीड नसलेलं दुसरं कोण आणू?"

"मी हो म्हटलं तर लोक म्हणतील, तिने त्यांना माफ केलं."

"हो म्हणजे माफी नाही. त्याने तुमचं नीट ऐकलंय, एवढंच."

"लोकांना तसं वाटेल?"

"नाही," ते म्हणाले. "पुष्कळांना नाही वाटणार."

चार तासांनी सुया काढताना, बोटाने कापूस दाबून धरून ती म्हणाली, "येते मी." येते म्हणाली त्याचं कारण साधं होतं. त्या माणसाला आपलं म्हणणं सांगता येणं शक्यच नाही, अशी तिची खात्री होती. तीनदा नाही म्हणायचं. चहा घ्यायचा. आणि समितीत जायच्या आधी त्याला सगळ्या गावासमोर तोंड मिटून खाली उतरायला लावायचं.

घरी हे सांगितल्यावर नवरा काही बोलला नाही. तो बसगाड्यांच्या दुरुस्तीचं काम करायचा, आणि घरात बिघाड दिसला की आधी नुसता ऐकत राहायचा. बोलला तो दीर. तो खालच्या मजल्यावर राहायचा, टेम्पो चालवायचा आणि जेवायला वर यायचा.

"वहिनी, तुम्ही हो म्हणालात की संपलं. दुसऱ्या दिवशी पेपरात, तिकडच्याच बाईने मान डोलावली."

"मी नाहीच म्हणणार आहे, भाऊजी."

"मग जायचं कशाला? नाही काय, इथे बसूनही म्हणता येतं. आम्ही ऐकतो की."

"चहा चांगला असतो म्हणतात तिथला," नवरा म्हणाला.

"दादा, चेष्टा नको. तो माणूस बोलण्यात पटाईत आहे. वहिनी पडल्या सरळ."

"सरळ म्हणजे बावळट का?" तिने विचारलं.

"मी तसं म्हटलं?"

"तोंडाने नाही म्हटलंत."

तेवढ्यात आतल्या खोलीतून किंचाळी आली. तिथे मुलांचं एक टेबल होतं आणि दोन खुर्च्या, एक खिडकीजवळ, एक भिंतीकडे. खिडकीची जागा मोठा बळकावून बसायचा. धाकटी, जिला सगळे खारू म्हणत, ती रोज या जागेसाठी लढायची. मालेचा नियम गुरुजींनी मुलांना खेळासारखा शिकवला होता, आणि खारूने तो मनावर घेतला होता.

"आधी माझं म्हणणं सांग! सांग आधी!"

मोठा, खारूचा दादा, कंटाळलेल्या आवाजात म्हणाला, "तुझं म्हणणं असं, की मी मोठा म्हणून मला कायम खिडकी मिळते, तुला भिंतीकडे तोंड करून बसावं लागतं, आणि भिंतीवर पाल येते."

"हो. माझं म्हणणं हेच आहे."

"झालं तर मग." तो खिडकीजवळ बसला आणि त्याने पुस्तक उघडलं.

"अरे! तुला कळलं ना?"

"कळलं की."

"मग ऊठ ना!"

"नियमात कळायचं सांगितलंय. उठायचं कुठे सांगितलंय?"

खारूने भोकाड पसरलं. दीर खो खो हसला, नवराही हसला. तीही हसायला गेली, पण हसू अर्ध्यावरच अडकलं, आणि ताटं उचलायच्या आधीच तिने ओटा पुसायला घेतला.

त्यानंतरचे दिवस तिला धड कुठे बसू देईनात. तिने कपाट आवरलं, आवरलेलं पुन्हा आवरलं. वॉर्डात मशीनचा अलार्म वाजला नसताना ती दोनदा धावत गेली. बसमधून एक थांबा आधीच उतरली आणि उरलेला रस्ता चालत, मनातल्या मनात नाही, नाही, नाही म्हणत घरी आली. स्वतःचं म्हणणं नेमकं काय आहे हे एकदा नीट सांगून बघावं म्हणून ती आरशासमोर उभी राहिली. आई, फिल्टर, पंप, तिसरी पाळी. पुढे काहीतरी होतं, सगळ्यांत जड, पण ते शब्दांत येईना. तिला बरंच वाटलं. जे आपल्याला सांगता येत नाही ते तो काय सांगणार?

शनिवारी ताईने फोन आईकडे दिला. आईचा आवाज पातळ झाला होता, पण बोलणं तेच.

"नीट कपडे घालून जा. आणि मध्येच उठू नकोस. तुला लहानपणापासून एका जागी बसवत नाही."

"मशीन कसं आहे, आई?"

"माझ्यासारखं. कुरकुरत चालतंय."

रविवारी सभागृह भरलं होतं. होकारीची खुर्ची मंचासमोर डाव्या हाताला होती, आणि सभागृहात ती एकच खुर्ची सुटी होती. तिचा एक पाय आखूड होता. ती बसली की खुर्ची डुगडुगे, आणि तो आवाज माईकमधून सगळ्यांना ऐकू जाई. तिने पाय घट्ट रोवले. मागे वळून पाहिलं तर शेवटच्या रांगेत दीर हातांची घडी घालून बसला होता. नवरा मुलांजवळ घरी थांबला होता. गुरुजी मंचाच्या कडेला, मांडीवर घंटी घेऊन.

सल्लागार तिने कल्पना केली होती त्यापेक्षा लहानखुरे निघाले. टीव्हीवर ते टेबलामागे बसलेले असत, म्हणून असेल. त्यांच्याकडे एक फाइल होती. त्यांनी तिला नमस्कार केला. तिने मान हलवली, आणि लगेच वाटलं, हीच मान लोक होकार म्हणून मोजतील.

घंटी वाजली.

"समोरच्या बाजूचं म्हणणं असं," सल्लागार म्हणाले, "की कोणत्याही निर्बंधांची झळ अखेरीस सर्वसामान्य नागरिकांना बसते. मानवतेच्या दृष्टीने हे समर्थनीय नाही, आणि दोन देशांमधली कटुताही त्यामुळे वाढते."

"नाही," ती म्हणाली. हे सोपं होतं. असं म्हणणं कोणाचंच नसतं, ते भाषणाचं असतं. मागे कोणीतरी "शाबास" म्हणालं.

सल्लागारांनी फाइलमधला एक कागद वर घेतला. या वेळी ते जरा हळू बोलले. औषधं बंदीतून वगळलेली आहेत हे खरं. पण बँका पैसे पाठवायला घाबरतात, जहाजवाले माल न्यायला घाबरतात, नको ती भानगड म्हणून प्रत्येक जण हात काढून घेतो. डायलिसिसच्या मशीनचा पंप यंत्राचा भाग ठरतो आणि अडकतो. आठवड्यातून तीनदा लागणारी पाळी तिथे दोनदाच मिळते. "आणि तुम्ही हे काम रोज इथे करता, म्हणून तुम्हाला ते दुसऱ्या कोणाहीपेक्षा जास्त दिसतं."

हे जवळजवळ बरोबर होतं.

"नाही," ती म्हणाली. पण हे 'नाही' तोंडातून निघायला वेळ लागला आणि आवाज बारीक आला. काहीतरी राहिलं आहे, तिने स्वतःला समजावलं. काय राहिलं ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. तिने गुरुजींकडे पाहिलं. वजनकाट्यावर उभे राहताना ते आकड्याकडे बघायचे तसे ते तिच्याकडे बघत होते, आकडा जो येईल तो येईल अशा चेहऱ्याने.

आता एकच संधी उरली होती, सल्लागारांची आणि तिचीही. मागे कुजबुज सुरू झाली. कोणीतरी खालच्या आवाजात चहाचं विचारलं आणि दोघे-तिघे हसले. सल्लागारांनी चष्मा काढला, पुसला, पण पुन्हा घातला नाही. फाइल मिटली.

"मी तुमच्या जागेवरून बोलतो," ते म्हणाले. "चालेल?"

नियमात बसतंय का म्हणून तिने गुरुजींकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली.

"तुम्ही म्हणता, आम्ही औषध अडवलं नाही. खरं आहे. दार तुम्ही उघडंच ठेवलंत. फक्त दाराकडे येणाऱ्या रस्त्यावर इतकी भीती पेरलीत, की कोणी पाऊल टाकत नाही. मग उघडं दार सगळ्यांना दाखवता. ही चूक असती तर मी तुम्हाला ती दाखवून दिली असती आणि तुम्ही दुरुस्त केली असती, म्हणून मी इतकी वर्षं वाट पाहिली. पण ही चूक नाही. आमची माणसं थकावीत, थकून आपल्याच सरकारवर उठावीत, असा तुमचा बेत आहे. त्यासाठी कोणाला तरी थकवावं लागतं. माझ्या घरचं माणूस त्यात आहे. तुम्हाला माझं दुःख कळत नाही अशी माझी तक्रार नाही. तुम्हाला ते पहिल्यापासून कळतं. हेच माझं म्हणणं आहे."

ते थांबले.

तिच्या खुर्चीचा पाय टक्कन वाजला. आरशासमोर जे शब्दांत येत नव्हतं ते हे होतं. नवऱ्यालाही तिने हे कधी सांगितलं नव्हतं. बोलून दाखवलं की ते खरं होईल आणि मग वाट बघण्यासारखं काही उरणार नाही, अशी भीती होती. आणि ते सांगितलं कोणी, तर या माणसाने.

नाही म्हणणं अजूनही हातात होतं. एक शब्द, की हा माणूस फाइल काखोटीला मारून खाली उतरणार. शेवटच्या रांगेत दीर मानेनेच नाही, नाही करत होता. तिच्या कानात खारूचा आवाज घुमला, अरे, तुला कळलं ना? आपण नाही म्हटलं, तर याचा अर्थ काय होईल, ती विचार करू लागली. याला कळलंच नाही, असा होईल. हा घरी जाईल आणि म्हणेल, मला त्यांचं म्हणणं समजलंच नाही. समजलं नाही म्हणायची सोय त्याला आपणच करून देऊ.

आणि शिवाय, ते बरोबर होतं. वजनकाट्यावर जो आकडा येतो तो येतो.

"हो," ती म्हणाली. तिला स्वतःचा आवाज माईकमधून परत आलेला ऐकू आला. "माझं म्हणणं हेच आहे."

कोणीतरी एकट्यानेच टाळी वाजवायला सुरुवात केली आणि लाजून थांबवली. मागे एका खुर्चीची बैठक फट्‌दिशी वर आपटली. तिने वळून पाहिलं नाही. तो दीर होता, आणि तो जिना उतरत होता, हे तिला पावलांवरून कळलं.

सल्लागारांनी चष्मा घातला आणि फाइल उघडली. "आणि तरीही ही बंदी योग्य आहे, असं मी आता सांगणार आहे," ते म्हणाले.

ते वाईट बोलत नव्हते. गेल्या वेळी सीमेवर काय झालं होतं, किती घरं जळली, बंदी नसती तर तोफा असत्या, हे त्यांनी एकेक करून सांगितलं. त्यातलं काही खरं होतं, आणि त्याचाच तिला जास्त त्रास होत होता. तिला उठून जावंसं वाटत होतं. आईने बजावलं होतं म्हणून ती बसून होती, बोटं खुर्चीच्या कडेला घट्ट धरून. सभागृहातले लोक ऐकत होते, पण मधूनमधून सल्लागारांकडे बघायचं सोडून तिच्याकडे बघत होते.

मग त्यांनी एक पान उलटलं. "औषधे आणि वैद्यकीय साहित्य यातून—" त्यांनी वाचलं, आणि ते थांबले.

पुढचा शब्द सगळ्या सभागृहाला पाठ होता. लहान मुलानेही पुरा केला असता. सल्लागारांनी पाण्याचा ग्लास घेतला, एक घोट प्यायले, ग्लास ठेवला. पुन्हा पानाकडे पाहिलं. नंतर पान न वाचताच उलटलं, आणि पुढच्या पानावरून ते पुढे बोलू लागले. पण आता सांधा जुळेना. एक मुद्दा अर्ध्यावरून सुरू झाला, दुसरा कशाला जोडलेला आहे तेच कळेना. ठरल्या वेळेच्या बऱ्याच आधी त्यांनी आभार मानले.

पहिला प्रश्न होकारीचा, असाही शिरस्ता होता. तिने प्रश्न तयार केला नव्हता. तीनदा नाही म्हणून चहा घ्यायला निघालेल्या माणसाला प्रश्न कशाला लागतो? ती उभी राहिली, खुर्ची मागे कलंडता कलंडता राहिली.

"ते पान तुम्ही का गाळलंत?"

मागच्या रांगांतून माणसं पुढे वाकली.

"ते वाक्य मला म्हणता आलं नाही," सल्लागार म्हणाले. "मघाशी ते सगळं बोलून झाल्यावर."

"पुढच्या महिन्यात समितीत म्हणाल?"

त्यांनी उत्तर द्यायला वेळ लावला. खोटं उत्तर एव्हाना तयार झालं असतं, असं तिला वाटून गेलं.

"तिथे ही खुर्ची नसते," ते म्हणाले.

कोणी हसलं नाही. गुरुजींनी घंटी उचलली, वाजवायची विसरले आणि पुन्हा मांडीवर ठेवली.

चहा न घेताच ती खाली आली. दीर गेला नव्हता. टेम्पो वाचनालयासमोर उभा होता आणि तो स्टिअरिंगमागे बसून काडीने दात कोरत होता.

"बसा," तो म्हणाला.

त्याने टेम्पो मोठ्या रस्त्याला लावला. मग म्हणाला, "हो म्हणालात."

"त्याने बरोबर सांगितलं, भाऊजी."

"म्हणून काय झालं?"

"म्हणून मी खोटं बोलू?"

"तो रोज बोलतो की."

"आज नाही बोलता आलं त्याला." आणि तिने पानाचं सांगितलं. पाण्याचा घोट, उलटलेलं पान, नंतर विस्कटलेलं भाषण.

दिराने गाडीचा वेग कमी केला. "मधेच थांबला?"

"मधेच."

"सगळ्यांदेखत?"

"सगळ्यांदेखत."

घराचं वळण त्याच्या लक्षात न येता मागे पडलं. पुढच्या चौकातून गाडी वळवून आणताना तो पुटपुटला, "मी थांबायला पाहिजे होतं."

दार खारूने उघडलं. "तीनदा नाही म्हणालीस?"

"दोनदा. मग हो म्हटलं."

"मग त्यांनी औषधं दिली आजीला?"

"नाही."

"म्हणजे दादासारखंच!"

"दादासारखंच," ती म्हणाली. "फक्त सगळ्यांसमोर."

खारूने यावर डोळे बारीक करून विचार केला. मग बाबांचा हात धरून त्यांना आतल्या खोलीत ओढत नेलं, काकालाही नेलं, दोघांना दादासमोर उभं केलं. "आता सांग. माझं म्हणणं सांग. यांच्यासमोर."

"तुझं म्हणणं असं," दादा पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाला, "की मला कायम खिडकी मिळते आणि..." त्याने वर पाहिलं. बाबा ऐकत होते. काका ऐकत होता, आणि नेहमीसारखा हसत नव्हता. "आणि भिंतीवर..." दादाचे कान लाल झाले. "हे काय आहे? मला अभ्यास करू दे ना."

फोन वाजला. ताईचा होता. आई मशीनवर होती आणि तिला आत्ताच्या आत्ता ऐकायचं होतं.

"उठली नाहीस ना मध्येच?" आईने विचारलं.

"नाही. शेवटपर्यंत बसले."

"मग काय म्हणालीस त्याला?"

"हो म्हटलं, आई."

मग आई म्हणाली, "तुझं लग्न जमवताना किती दिवस लावले होतेस एक हो म्हणायला!"

ती हसली, आणि हसता हसता तिला मागून अलार्म ऐकू आला. तिकडच्या मशीनचा, बारीक, तुटक. तिचा हात आपोआप पुढे गेला, हवेतच.

"ताई! नळी बघ, कुठे वळली असेल. आईचा हात सरळ कर."

"नळी नाही गं," ताईचा आवाज लांबून आला. "पंप आहे."

अलार्म वाजत राहिला. फोन कानाशी घट्ट धरून ती मुलांच्या खोलीत दारापासून टेबलापर्यंत आणि परत, अशी चालत होती. कोणीतरी तिकडे मशीनवर थाप मारली. पुन्हा मारली. मग अलार्म थांबला आणि तिच्या ओळखीची घरघर सुरू झाली.

"चाललं?"

"चाललं. आजचं होईल."

"आणि पुढच्या वेळी?"

"आजचं होईल म्हटलं ना," ताई म्हणाली.

मग आईचा आवाज आला, थकलेला. "तू उभी आहेस का गं? मला ऐकू येतायत पावलं. बस जरा कुठेतरी."

तिने आजूबाजूला पाहिलं. दादा खिडकीजवळच्या खुर्चीवरून उठला होता आणि खुर्ची तिच्याकडे सरकवून बाजूला उभा होता. खारू त्या खुर्चीकडे बघत होती, मग दादाकडे, मग पुन्हा खुर्चीकडे. पण धावली नाही.

"बसते," ती आईला म्हणाली, आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, घरघर ऐकत, उभीच राहिली.